रुई आपली, तिची प्रत आपल्याला का कळू नये?



आम्ही कृषी महाविद्यालयाची पोरं अभ्यासदौऱ्यावर अमेरिकेत, टेक्सासमधल्या लबकला जाऊन आलो. तिथंही कापूस आणि ज्वारीच. पाऊस वर्षाला जेमतेम १९ इंच. सरकारी अनुदान मात्र एवढं, की २००२ साली ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध तक्रार केली.

पण आमच्या डोळ्यांत भरलं ते वेगळंच. तिथला शेतकरी सरकीसकट कापूस विकत नाही, रुईच्या गाठी विकतो. प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासतात. धाग्याची लांबी, ताकद कागदावर येते, भाव त्यावर ठरतो. आपल्याकडं व्यापारी गाडीतला मूठभर कापूस ओढतो आणि भाव सांगतो.

अनुदान नको, आधी तो कागद मागू या!