मजुरीतून भांडवल

भांडवलावाचून धंदा होत नाही, ही समजूत इतकी रूढ झालेली आहे की, नवा उद्योग काढू पाहणारा तरुण प्रथम धनिकाच्या दाराकडे वळतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ही अडचण विशेष जाणवते. गिरणी काढणाऱ्याला यंत्रे गहाण ठेवता येतात, दुकानदाराला कोठारातील माल दाखविता येतो. पण अद्याप लिहून न झालेल्या प्रणालीवर कर्ज कोण देणार? शिवाय या मालाचे अर्थकारणही निराळे. त्याची पहिली प्रत सिद्ध होण्यास वर्षांचे श्रम लागतात, आणि पुढच्या हजार प्रतींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणजे खर्च सारा आधी आणि मिळकत सारी नंतर. हा मधला काळ काढावयाचा कसा, हा खरा प्रश्न होय.

गुंतवणूकदाराला भागीदार करून घेणे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर जुन्या कारागिराचे आहे. दुसऱ्याचे काम मजुरीने करावे आणि त्या मजुरीतून जे शिल्लक राहील, त्यावर स्वतःची वस्तू घडवावी. हे उत्तर केवळ कल्पनेतले नाही.

सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले आणि १९९० च्या सुमारास मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे या दुकानात संगणकही येऊ लागले. तो काळ फ्लॉपीचा होता आणि फ्लॉपीबरोबर संगणकाचे व्हायरसही यंत्रामागून यंत्रात शिरत होते. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस दरवर्षी ६ मार्चला जागा होऊन संगणकातील माहिती पुसून टाकी. त्यामुळे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांचे भाग धडधाकट असत. बिघाड असे तो आतल्या माहितीत. धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी या व्हायरसांवर उतारे लिहिण्यास आरंभ केला आणि त्यांतून ‘क्विक हील’ ही प्रणाली उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुरुस्तीच्या धंद्याने या बंधूंना केवळ पैसा दिला असे नव्हे; कोणती वस्तू घडवावी, हेही त्यानेच शिकविले. गिऱ्हाइकाचे दुखणे कोठे आहे, हे जाणण्यासाठी इतरांना बाजाराची पाहणी करावी लागते. येथे ते दुखणे रोज आपल्या पायांनी दुकानात चालत येत होते, आणि त्याची तपासणी करण्याचे दामही मिळत होते.

तथापि हा मार्ग दिसतो तितका सरळ नाही. समजा, पाच जणांची एक संस्था आहे. चौघे ग्राहकांची कामे करतात आणि पाचवा स्वतःच्या प्रणालीवर बसला आहे. प्रत्येकाचा मासिक खर्च ७५ हजार रुपये, आणि चौघांपैकी प्रत्येक जण महिन्याला एक लाख मिळवून आणतो. चौघांची मिळून शिल्लक एक लाख होते. त्यातून पाचव्याचे ७५ हजार भागविले की हाती २५ हजार उरतात. आता एखाद्या ग्राहकाने एकच लाख रुपये बुडविले, तर ती खाच भरून निघण्यास चार महिने लागतात. लहान उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु मोठ्या ग्राहकाशी भांडण मांडणे लहान माणसाला सहसा परवडत नाही. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरणे हा येथे नुसता शहाणपणाचा सल्ला नसून जगण्याची अट ठरते.

याहून मोठा धोका पैशाचा नव्हे, वेळेचा आहे. ग्राहक तगादा लावतो. अजून जन्माला न आलेली वस्तू तगादा लावू शकत नाही. आजचे काम अडले की पाचव्या माणसाला ‘चार दिवसांपुरते’ उठविले जाते. हे चार दिवस वर्षभर लांबतात. दुष्काळातही बियाण्याला हात न लावणारा शेतकरी जो निग्रह दाखवितो, तोच येथे लागतो. कारण त्या एका माणसाचे तास हेच या उद्योगाचे बियाणे असते.

आणखी एक फसगत संभवते. प्रत्येक ग्राहकाच्या फर्माइशीप्रमाणे प्रणालीला ठिगळे जोडत गेले, तर शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. दहा ग्राहकांसाठी दहा निराळ्या प्रती सांभाळाव्या लागल्या की तिला विक्रीची वस्तू म्हणता येत नाही. ती दहापट मजुरी झाली. शिवाय मोबदला घेऊन लिहून दिलेल्या कामाचा हक्क करारान्वये बहुधा ग्राहकाकडे जातो. जे लेखन आपल्या वस्तूत पुन्हा वापरावयाचे, त्याचा हक्क सही करण्यापूर्वीच लेखी राखून ठेवणे अगत्याचे असते.

परदेशांतही या वाटेने गेलेले लोक आहेत. अमेरिकेतील अटलांटा शहरी बेन चेस्टनट व डॅन कर्झियस हे दुसऱ्यांची संकेतस्थळे घडवून देत. त्या कामाच्या जोडीला २००१ मध्ये त्यांनी ‘मेलचिंप’ ही ईमेल पाठविण्याची सेवा काढली. २००७ मध्ये त्यांनी मजुरीचे काम सोडून सारे लक्ष तिच्याकडे वळविले. बाहेरची गुंतवणूक न घेता वाढलेली ही संस्था २०२१ मध्ये सुमारे १२०० कोटी डॉलरना विकली गेली. परंतु त्या आकड्याहून मधली सहा वर्षे अधिक बोलकी आहेत. जोडधंदा मुख्य धंद्याला पोसण्याइतका होईपर्यंत त्यांनी हातचे काम टाकले नाही.

अर्थात सेवा ही केवळ पायरीच असली पाहिजे, असेही नाही. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी अल्प भांडवलावर काढलेली इन्फोसिस मुख्यतः सेवेवरच वाढली आणि त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. खंत वाटावी ती निराळ्याच अवस्थेची. वस्तू करावयाची म्हणून निघावे, दहा वर्षे दुसऱ्यांचीच कामे करावीत आणि हा बदल कधी घडला हेही कळू नये, ती अवस्था खेदाची. जी संस्था आपण कोणत्या वाटेने चाललो आहोत हे दरवर्षी हिशेबाच्या वहीत पाहते, तिच्यावर हा प्रसंग येत नाही. एकूण उत्पन्नात स्वतःच्या वस्तूचा वाटा गेल्या वर्षी किती होता आणि यंदा किती झाला, एवढा एक आकडा त्यास पुरतो.

काटकर बंधूंची संस्था १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने नोंदली गेली. तिचे ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ असे नामांतर २००७ मध्ये झाले. बाहेरील गुंतवणूकदाराचे ६० कोटी रुपये आले ते २०१० मध्ये, आणि समभागांची बाजारात नोंदणी झाली २०१६ मध्ये. भांडवल आले, पण वस्तू उभी राहिल्यानंतर आले. नावातून ‘सेवा’ हा शब्द गळण्यास बारा वर्षे लागली. पदरच्या मजुरीवर नवा उद्योग उभारू पाहणाऱ्याने एवढा धीर प्रारंभीच हिशेबात धरलेला बरा.