उरलेल्या तबकड्यांना नवं काम



कारखान्याचं स्टोअर असो, शाळेची कॉम्प्युटर लॅब असो, हिशेबनिसाचं ऑफिस असो की घरातला माळा. आवराआवर काढली की हल्ली एक ढीग हमखास बाजूला पडतो. न वापरलेल्या कोऱ्या सीडी, आता कुठल्याच लॅपटॉपमध्ये न जाणाऱ्या भरलेल्या सीडी, त्यांची कागदी पाकिटं, प्लॅस्टिकच्या केस, मधोमध दांडा असलेले गोल डबे आणि अगदी तळाशी काही फ्लॉपी. तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत तर हा ढीग मोठाच निघायचा. यंत्रांबरोबर येणारी माहिती आणि हिशेबाचे बॅकअप वर्षानुवर्षं याच तबकड्यांवर ठेवले जात. या ढिगाविषयी माझं म्हणणं एकच आहे: वस्तू कोणत्या गुणासाठी घडवली होती ते आधी पाहा, आणि त्याच गुणाला नवं काम द्या.

सीडीचेच गुण पाहू. फिलिप्स आणि सोनी यांनी घडवलेली ही तबकडी 1982 मध्ये बाजारात आली. व्यास 120 मिलिमीटर, जाडी 1.2 मिलिमीटर, मधलं भोक 15 मिलिमीटरचं. अंग पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लॅस्टिकचं आणि त्यावर चकाकणारा धातूचा अतिशय पातळ थर. माहितीचा मार्ग आतून बाहेर गोल गोल फिरत जातो. त्याच्या दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून जास्त वेढे. एका सीडीवरचा हा मार्ग उलगडून सरळ केला तर तो पाच किलोमीटरच्या पुढे जाईल. दोन सीडींचे मार्ग जोडले, तर आपल्या नवी मुंबई मेट्रोच्या पेंधर ते बेलापूर या 11 किलोमीटरच्या मार्गाइतकी लांबी जवळपास भरेल!

या बारीक वेढ्यांमुळेच सीडीवर सप्तरंग दिसतात, आणि तिचा सगळ्यात मोलाचा पुनर्वापर इथेच आहे. बुटांचं रिकामं खोकं घ्या. एका बाजूला केसाएवढी बारीक आडवी फट ठेवा, समोरच्या बाजूला आत सीडी तिरकी बसवा आणि तिच्या वर, झाकणात, डोळा लावायला भोक पाडा. झाला वर्णपटदर्शक. तारेच्या पिवळ्या बल्बकडे फट धरली तर रंगांचा सलग पट्टा दिसतो. ट्यूबलाइटकडे धरली तर काही रेषा वेगळ्या उठून दिसतात. त्यांतली ठसठशीत हिरवी रेषा ट्यूबमधल्या पाऱ्याची. एलईडीचा पट्टा आणखी निराळा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सूर्याचा प्रकाश असाच फोडून पाहिला होता. त्या काळातल्या अशा निरीक्षणांतूनच पुढे हेलियमचा शोध लागला. कोऱ्या सीडीवरही वेढे आधीच आखलेले असतात, म्हणून या कामाला तीही चालते. मात्र खोक्याची फट सूर्याकडे कधीही धरू नका.

टाकाऊतून विज्ञान शिकवण्याची वाट महाराष्ट्रात मळलेली आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं हेच काम केलं; 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असाच एक प्रयोग पाहा: सीडीच्या भोकावर बाटलीचं तोटीचं झाकण घट्ट चिकटवायचं, त्यावर फुगवलेला फुगा चढवायचा आणि गुळगुळीत फरशीवर ठेवून तोटी उघडायची. फुग्यातली हवा तबकडीखाली पसरते, घर्षण कमी होतं आणि एका टिचकीसरशी सीडी घसरत जाते. घर्षणाचा धडा याहून स्वस्तात शिकवता येणार नाही.

आता केसकडे वळू. सीडीची पारदर्शक केस म्हणजे मुळं पाहण्याची खिडकी. आत ओला टिपकागद ठेवा, त्यावर मुगाचे चार दाणे ठेवा, केस मिटून उभी करा. मोड आल्यावर मुळं खाली वळलेली दिसतील. मग केस एका कुशीवर फिरवून ठेवा. मुळांची टोकं पुन्हा खाली वळतात. खिडकी असलेल्या कागदी पाकिटांत परसातलं बी ठेवा: भेंडी, गवार, पडवळ. बी बाहेरून दिसतं, नाव आणि तारीख वर लिहिता येते.

दांड्याच्या गोल डब्याला घरात बांगड्या आहेत, वर्कशॉपमध्ये त्याहून चांगलं काम आहे. चार इंची ग्राइंडरच्या कटिंग व्हीलचं भोक 16 मिलिमीटरचं असतं. सीडीच्या भोकासाठी बनवलेल्या दांड्यावर ती चाकं बेताची बसतात. ही चाकं सपाट आणि कोरडी ठेवावी लागतात, नाहीतर वापरताना फुटण्याचा धोका. झाकणबंद डबा दोन्ही गोष्टी सांभाळतो.

शेतकऱ्याने तर सीडीचा गुण कधीच ओळखला. जोंधळ्याच्या कणसांवर, भाजीच्या मळ्यात सुतळीला बांधलेल्या सीडी वाऱ्याने फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. पाखरांना सवय होते, म्हणून जागा बदलत राहायला हवं. उन्हापावसात धातूचा पापुद्रा सुटून मातीत पडू लागतो. त्याआधी त्या उतरवून घ्याव्यात.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या मखराला पर्याय शोधले जातात. सीडीचं मखर सुंदर दिसतं, पण ते चिकटवू नका, बांधा. बांधलेलं मखर सोडून पुढच्या वर्षी निराळं रचता येतं. डिंकाने आणि चमकीने माखलेली सीडी मात्र शेवटी कचराच होते. आणि पणती थेट सीडीवर ठेवू नका. तापलं की हे प्लॅस्टिक मऊ पडतं.

काही पथ्यं मनापासून सांगतो. सीडी कापायची तर आधी गरम पाण्यात ठेवा, नाहीतर धारदार कपचे उडतात. हे काम मोठ्यांचं. खाजगी माहिती असेल तर छापील बाजूने खोल ओरखडे काढा, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो. फ्लॉपीच्या काळ्या चकतीतून किंवा सीडीतून ग्रहण पाहू नका. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. हार्ड डिस्कमधले निओडिमियमचे चुंबक सांडलेले खिळे गोळा करायला उत्तम, पण ते बोट चिमटतात आणि पेसमेकर असलेल्या माणसापासून लांब ठेवावे लागतात. आणि यातलं काहीही जाळू नका. तळोज्याजवळच्या कासाडी नदीकाठच्या माणसांना दूषित हवा आणि पाणी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. हार्ड डिस्क, ड्राइव्ह, सर्किट यांसाठी ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. हा माल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा.

आता तळोज्यातल्या स्टोअर सांभाळणाऱ्या मंडळींना एक विनंती. कोऱ्या, चांगल्या सीडी आधी त्यांच्या मूळ कामाला द्या. एमआरआयची चित्रं सीडीवर देणारी केंद्रं आणि लग्नाच्या व्हिडिओचे फोटोग्राफर अजून आहेत. उरलेल्या जवळच्या शाळेला द्या. पन्नास सीडींचं वजन जेमतेम पाऊण किलो. भंगारात त्याचं मोल नगण्य. पण तेवढ्यात एका अख्ख्या वर्गाचे पन्नास वर्णपटदर्शक होतात. आणि पाऱ्याची हिरवी रेषा ज्या मुलीने स्वतः बनवलेल्या खोक्यातून पाहिली, तिला प्रकाशाचं प्रकरण घोकावं लागत नाही. पुढचे प्रश्न ती आपणहून विचारते.