गाइडमधलं पत्र नको, आपली एसटी घ्या
दहावीच्या इंग्रजी पेपरात पत्राला ५ मार्क. आपल्या जळगाव-धुळ्याकडे बरीच पोरं गाइडमधलं पत्र पाठ करतात. विषय फिरला की पेन थांबतो. त्यापेक्षा खरी तक्रार घ्या. समजा, अमळनेरहून धुळ्याला जाणारी सकाळची एसटी तुमच्या थांब्यावर थांबतच नाही. आगार व्यवस्थापकांना काय सांगाल? कोणती गाडी, किती वाजताची, किती जणांचा पहिला तास बुडतो, काय करायला हवं. आधी हे अहिराणीत बोला, लाजू नका! मग त्याचीच चार छोटी इंग्रजी वाक्यं करा. ऑफिसात बग कळवताना मीही एवढंच लिहितो. पत्ता, तारीख, विषय, मायना हा साचा मात्र पाठच हवा; तिथे डोकं चालवू नका.