अकरा वेळा निवडून आलेले आबासाहेब
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले भाषण)



देवळाचा कळस चढला म्हणजे संताचे चरित्र सांगावे, असा रिवाज आहे. आज मात्र एका आमदाराचे चरित्र सांगण्याचे योजले आहे. आमदार सत्तेतला असला तरच गावाला काही मिळते, असे पारावर नेहमी बोलले जाते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याने ही गोष्ट मानली नाही. त्या तालुक्याने गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेत पाठविले. महाराष्ट्रात एवढ्या वेळा दुसरे कोणी निवडून आलेले नाही.

लोक त्यांना आबासाहेब म्हणत. जन्म १९२६ सालचा. शिक्षण वकिलीचे. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, आणि तो अखेरपर्यंत तोच राहिला. १९६२ साली ते प्रथम आमदार झाले. त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली! १९७८ साली आणि पुन्हा १९९९ साली ते मंत्री झाले, पण दोन्ही वेळा थोडाच काळ. बाकीची सारी वर्षे विरोधी बाकावर गेली.

त्यांचा पराभवही झाला, हे सांगितलेच पाहिजे. १९७२ साली ते पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी हरले. एखाद्याने पक्ष बदलला असता किंवा घरी बसून दैवाला बोल लावला असता. आबासाहेब त्याच पक्षात, त्याच माणसांत राहिले आणि १९९९ साली परत आले. २०१४ साली अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.

लोकांनी त्यांना एवढे का धरून ठेवले? आमदार असूनही ते एस. टी. ने प्रवास करीत. परंतु केवळ साधेपणावर पन्नास वर्षे मते मिळत नाहीत. खरे कारण पाणी. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी नावाची नदी, वर्षातील पुष्कळ दिवस कोरडी. पावसाळ्यापुरती वाहणारी नदी म्हणजे काय, हे अमरावती आणि बुराईकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे आणि ते समान वाटले जावे, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब यांनी आटपाडीच्या पाणी परिषदेतून लोक संघटित केले. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांत कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर उचलावे लागते. त्याला पैसा लागतो, वीज लागते, आणि सर्वांत जास्त चिकाटी लागते. पाणी लवकर आले नाही. एवढी वर्षे आमदार राहूनही प्रत्येक शिवारापर्यंत पाणी पोचविणे त्यांना साधले नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. पण विषय सुटू दिला नाही, हे त्यांचे काम. आपल्या तापीकाठी नदी जवळ आणि शेत कोरडे, हे दुःख पिढ्यांचे आहे. सुलवाडे-जामफळ योजनेचे भूमिपूजन २०१९ साली झाले. असे काम धरून ठेवणाऱ्याची किंमत आपल्याला चांगली ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सूतगिरणीची. सांगोला काही कापसाचा मुलूख नव्हे. तरी तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आणि राज्यातील कित्येक गिरण्या बंद पडत असताना ती चालली. कापूस आपला, आणि गिरणी चालविण्याचा धडा त्यांचा! दहाजणांच्या पैशावर उभे राहिलेले काम हिशेब चोख असेल तरच टिकते, एवढाच तो धडा आहे.

२०१९ साली त्यांनी निवडणूक लढविली नाही. नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. आजोबांची पुण्याई सातबाऱ्यासारखी वारसाच्या नावे चढत नाही, हे मतदारांनी दाखविले. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, लोकांपुढे जाऊन निवडून आले. आबासाहेब स्वतः ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निवर्तले.

मंडळी, देऊळ बांधून झाले म्हणजे काम संपत नाही. रोज झाडलोट करणारा हात लागतो, सांजवात लावणारा हात लागतो, आणि वर्गणीच्या पै-पैचा हिशेब गावासमोर ठेवणारा माणूस लागतो. लोकप्रतिनिधीचेही तसेच आहे. निवडून येणे हा कळस झाला. दिवा रोज लावावा लागतो. आबासाहेबांनी तो पन्नासाहून अधिक वर्षे लावला. पुढच्या वेळी मत देताना आणि या देवळाचा कारभार पाहताना, गावाने हीच कसोटी लावावी.