काठीने न दुभंगणारे पाणी



स्वागत समितीच्या वतीने हैदराबादेत आपले मनापासून स्वागत करतो. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. आपण मात्र पाणी दुभंगून हायड्रोजन मिळवण्याच्या नेमक्या त्याच खटपटीसाठी जमलो आहोत!

या शहराने पाण्याचा कोपही पाहिला आहे. 1908 च्या मुसीच्या पुराने इथे हाहाकार माजवला. पुढे त्याच नदीला बांध घालून 1920 मध्ये उस्मानसागर उभा राहिला. तारनाक्यावरच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे बीजही निजामी राजवटीतच, 1944 मध्ये पडले. पाणी आणि रसायन, दोहोंशी या गावाची जुनी सोयरीक आहे.

नऊ किलो पाण्यात एक किलो हायड्रोजन असतो. तो सुटा करणे हेच कठीण. नुसत्या आचेवर म्हणाल, तर 2,000 अंश सेल्सिअसलाही बहुतेक पाणी पाणीच राहते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने अठराव्या शतकात लालबुंद लोखंडी नळीतून वाफ सोडली. ऑक्सिजन लोखंडाने धरला, हायड्रोजन बाहेर पडला. पण लोखंड त्यात खर्ची पडले. दर खेपेला नवे कुठून आणायचे?

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर विकसित केलेले तांबे-क्लोरीन चक्र हाच प्रश्न सोडवू पाहते. तांब्याचे क्लोराइड सुमारे 400 अंशांना वाफेतला ऑक्सिजन धरते, आम्ल वेगळे होते. आणखी शंभरेक अंश चढवले की ऑक्सिजन सुटतो. पुढे आम्लातून हायड्रोजन मिळतो आणि तांबे फिरून पहिल्या पायरीवर येते. हिशेबाने खर्च होते ते फक्त पाणी आणि ऊर्जा. प्रत्यक्षात वितळलेले क्षार नळीत थिजतात आणि आम्ल भांडीच खाते.

म्हणून वक्त्यांना यजमानाची एकच विनंती आहे. हायड्रोजन किती निघाला ते सांगालच. पण किती फेऱ्यांनंतर किती तांबे परत हाती आले आणि किती नळीत अडकले, तेही सांगा. पुढच्या माणसाला त्या तुटीचाच जास्त उपयोग होईल.

आमच्या पाहुणचारात तूट दिसली, तर तीही अशीच मोकळेपणाने कानावर घाला.