संस्कृत शिकायचे, पण कोठे?



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी बडोद्याच्या या मराठी शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकविले. म्हणून आज एक व्यावहारिक प्रश्नच घेतो. संस्कृत घेऊन पुढे शिकू इच्छिणाऱ्याने महाविद्यालय कोणते निवडावे? दरवर्षी एखादा पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. त्याच्या स्वरात कुतूहलापेक्षा धास्तीच अधिक असते.

आपल्याकडे या विद्येच्या दोन वाटा आहेत. पाठशाळेत लघुकौमुदी कंठस्थ करून ग्रंथ पंक्तिशः लावतात. विद्यापीठात पाठभेद, कालनिर्णय, भाषाशास्त्र, पाली-प्राकृत यांचा विचार होतो. पहिलीने पाया पक्का होतो, दुसरीने शंका घेण्याची सवय लागते. माझे मत असे की, जेथे या दोन्ही वाटा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत, ते गाव पाहावे.

बडोदे तसे आहे, हे बडोदेकरांनाच सांगावे लागते! सयाजीराव महाराजांच्या काळात १९१५ साली येथे संस्कृत महाविद्यालय निघाले. १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात येथूनच प्रसिद्ध झाली. तरीही आपली मुले पुण्याचे नाव घेतात. पुण्याचा अधिकार मोठाच आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्णत्वास नेले. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश सिद्ध होत आहे. परंतु या संशोधनसंस्था आहेत. बारावी झालेला मुलगा तेथे नव्हे, तर शहरातल्या एखाद्या कला महाविद्यालयात बसणार. तेव्हा गावाची कीर्ती पाहू नका, तो वर्ग पाहा.

वर्गात चार मुले असतील तर बिचकू नका. चौघांच्या वर्गात प्रत्येकाला रोज श्लोक लावावा लागतो. साठांच्या वर्गात मार्गदर्शिकेवर भागते. अध्यापक मूळ ग्रंथ उघडून शिकवितात की नुसत्या टिपणी उतरवून देतात, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. ग्रंथालयातील पुस्तके पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतात का, हेही पाहावे. कुलूपबंद कपाटांची ग्रंथालये मी पुष्कळ पाहिली आहेत.

उरला पोटापाण्याचा प्रश्न. तो टाळणे पालकांशी अप्रामाणिकपणाचे होईल. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि त्यांसाठी एम्. ए. बरोबर सामान्यतः नेट किंवा सेट परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणून संस्कृतबरोबर इतिहास, भाषाशास्त्र किंवा एखादी परकीय भाषा घेता येते अशा महाविद्यालयाला मी झुकते माप देईन. जर्मन येत असेल तर उत्तमच. संस्कृतविषयक संशोधनाचा मोठा भाग त्या भाषेत आहे. या मे महिन्यात अर्ज भरण्यापूर्वी मुलामुलींना घेऊन एकदा आपल्याच प्राच्य विद्यामंदिरात जाऊन या.