पॅकिंग छोटं, पण डिझेल खातं मोठं

गटाने माल वाहायला पिकअप घेतली की बँकेचा हप्ता ठरलेला असतो. वाढतो तो डिझेलचा आणि दुरुस्तीचा खर्च. म्हणून आज इंजिनातल्या एका पातळ पॅकिंगविषयी बोलू या.

चुलीला लागते तशी इंजिनालाही हवा लागते. एअर फिल्टरमधून गाळलेली हवा मॅनिफोल्ड नावाच्या भागातून प्रत्येक सिलिंडरला जाते. मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे बसतो तिथे फट राहू नये म्हणून गॅस्केट, म्हणजेच पॅकिंग, असतं. उष्णतेने आणि हादऱ्यांनी ते कडक होतं, चिरतं.

टर्बोच्या डिझेल गाडीत दाबाने भरलेली हवा त्या फटीतून निसटते. मग भरलेली गाडी चढाला दमते, काळा धूर सोडते, सूंऽऽ असा आवाज येतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत उलट होतं: बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उभ्या गाडीचं इंजिन वर-खाली होतं.

पण धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उघडायला देऊ नका. तुंबलेला एअर फिल्टर किंवा पाइपची ढिली क्लिप यांनीही असंच होतं. मेस्त्रींना आधी ते तपासायला सांगा.

पॅकिंगच गेलं असेल, तर काम चालू असताना गटातल्या एकीने तिथे थांबावं. इंजिन गार झालेलं आणि बॅटरीची वायर काढलेली हवी. मॅनिफोल्ड काढल्यावर उघड्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबावीत. किती कोंबली ते मोजा, तितकीच परत निघाली पाहिजेत. जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडला तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं. ॲल्युमिनियमचा भाग स्क्रूड्रायव्हरने खरवडू देऊ नका. चरा पडला की तिथूनच गळती. पॅकिंग नवंच हवं, जुन्याला सिलिकॉन फासून चालत नाही. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्यावर आवळायचे. आणि गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल कुणी शिंपडू लागलं, तर तिथेच थांबवा. आग लागते.

काम झाल्यावर जुनं पॅकिंग मागून घ्या. वहीत तारीख, किलोमीटर आणि खर्च लिहा. पुढच्या महिन्यात लिटरमागे गाडी किती चालली ते मागच्या महिन्याशी ताडून पाहा. दुरुस्ती खरी झाली की नाही, ते वहीच सांगेल.